छापील किंमत आणि ग्रे मार्केट : भारतातील किरकोळ किंमत-नियमनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४३ ते २०१७)

प्रस्तावना

भारतातील कोणत्याही किराणा दुकानात विक्रीस ठेवलेल्या बंद पाकिटावर किंमत छापलेली असते. साबण, चहा, बिस्किटे, टूथपेस्ट अशा दैनंदिन वापराच्या वस्तूंवर ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह’ हे शब्द ग्राहकाच्या इतके परिचयाचे झाले आहेत की, ही किंमत शासनाने ठरवून दिलेली वाजवी किंमत होय, असा समज सर्वत्र रूढ झालेला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली येणारी औषधे आणि काही जीवनावश्यक वस्तू यांचा अपवाद वगळता, वेष्टनावरील किंमत उत्पादक अथवा आयातदार स्वतःच ठरवतो. कायदा केवळ दोन गोष्टींची सक्ती करतो : ती किंमत छापली पाहिजे आणि तिच्यापेक्षा अधिक रक्कम घेता कामा नये.

दुसऱ्या बाजूस, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट परिसरातील मनीष मार्केट किंवा हाजीअली येथील हीरा पन्ना यांसारख्या बाजारपेठा विदेशी वस्तूंसाठी अनेक दशके प्रसिद्ध राहिल्या. अशा बाजारांत अस्सल विदेशी वस्तू अधिकृत विक्रेत्यापेक्षा कमी किमतीत, परंतु पक्क्या बिलाशिवाय व हमीपत्राशिवाय मिळणे ही ग्राहकांच्या परिचयाची गोष्ट होती. या व्यवहाराला ‘ग्रे मार्केट’ असे म्हटले जाते. छापील किमतीचा नियम आणि ग्रे मार्केट यांचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो. तथापि, या दोहोंचा इतिहास परस्परांशी निगडित आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवण्याचा प्रयत्न केलेला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) भारतातील किरकोळ किंमत-नियमनाच्या टप्प्यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यावर नियमाबाहेरील बाजाराचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा शोध घेणे.
३) छापील किंमत ग्राहकाला नेमके कोणते संरक्षण देते, हे स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, अधिनियम, नियम, शासकीय अधिसूचना आणि न्यायनिर्णय यांवर मुख्य भर दिला आहे. बाजाराचे स्वरूप किंमत-नियमनाच्या स्वरूपानुसार बदलते, हे या अभ्यासाचे गृहीतक होय.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

विवेचनापूर्वी चार संज्ञांमधील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. शासनाने ठरवलेल्या कमाल किमतीपेक्षा अधिक किमतीने गुप्तपणे केलेली विक्री म्हणजे काळा बाजार. सीमाशुल्क चुकवून अथवा आयातबंदी मोडून आणलेला माल म्हणजे तस्करीचा माल. दुसऱ्याचे बोधचिन्ह लावून विकलेला बनावट माल म्हणजे नकली माल. ग्रे मार्केटमधील माल या तिन्हींपासून वेगळा असतो. तो अस्सल असतो, मूळ कंपनीनेच तयार केलेला असतो. परंतु कंपनीने त्या देशासाठी नेमलेल्या अधिकृत वितरकाला वगळून तो बाजारात येतो. व्यापारविषयक लिखाणात याला ‘समांतर आयात’ असेही म्हणतात. समभागांच्या नोंदणीपूर्व व्यवहारांनाही हाच शब्द वापरला जातो; तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.

युद्धकालीन नियंत्रण आणि काळा बाजार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात घटली, लष्करी मागणी वाढली आणि जीवनावश्यक वस्तूंच्या किमती झपाट्याने चढल्या. भारत संरक्षण नियमांखाली शासनाला किंमत-नियंत्रणाचे अधिकार मिळाले होते. १९४३ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झाले, साठेबाजी व नफेखोरी प्रतिबंधक अध्यादेश निघाला आणि सुती कापड व सूत नियंत्रण आदेश जारी झाला. कापड नियंत्रणाच्या अंमलबजावणीसाठी मुंबईत वस्त्रोद्योग आयुक्तांचे कार्यालय स्थापन झाले. गिरण्यांमधून बाहेर पडणाऱ्या कापडावर कमाल किंमत छापण्याची पद्धत याच आदेशातून रूढ झाली. मालावरच किंमत छापून ग्राहकाला ती कळवण्याची ही कल्पना पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

ही छापील किंमत मात्र शासनाने निश्चित केलेली होती आणि ती टंचाईच्या काळात बाजारात मिळू शकणाऱ्या किमतीपेक्षा कमी होती. परिणामी कापड दुकानातून नाहीसे होऊन मागील दाराने चढ्या भावाने विकले जाऊ लागले. ‘कंट्रोल’, ‘रेशन’ आणि ‘काळा बाजार’ हे शब्द मराठीत घरोघरी पोहोचले ते याच काळात. स्वातंत्र्यानंतर महात्मा गांधींनी नियंत्रणे उठवण्याचा आग्रह धरला. डिसेंबर १९४७ पासून अन्नधान्यावरील नियंत्रणे शिथिल होऊ लागली व १९४८ च्या प्रारंभी कापडावरील नियंत्रण उठले. परंतु कापडाचे भाव एवढे वाढले की, त्याच वर्षी नियंत्रण पुन्हा आणावे लागले. १९४६ चा अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा आणि त्याची जागा घेणारा १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा यांनी हे युद्धकालीन अधिकार शांततेच्या काळातही कायम ठेवले.

या पहिल्या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की, नियमाबाहेरील बाजार छापील किमतीच्या वरच्या बाजूस होता. छापील दरापेक्षा जास्त पैसे मागणारा विक्रेता हा गुन्हेगार आणि ते देणारा ग्राहक हा त्याचा बळी, असे चित्र समाजमनात पक्के झाले.

आयात परवान्यांचा काळ : तस्करीचा माल

१९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने आयात परवान्यावर अवलंबून ठेवली. १९५६-५७ मधील परकीय चलनाच्या संकटानंतर उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील निर्बंध अधिक कडक झाले. देशांतर्गत उत्पादन अपुरे आणि आयात बंद, अशा परिस्थितीत घड्याळे, सोने, नायलॉनचे कापड, ट्रान्झिस्टर, सौंदर्यप्रसाधने यांच्या देशातील व परदेशातील किमतींत मोठी तफावत निर्माण झाली.

या तफावतीचे प्रत्यंतर महाराष्ट्राच्या सीमेवरच येत होते. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात विदेशी घड्याळे, मद्य व सोने मुक्तपणे येत असे आणि तेथून ते भारतीय हद्दीत चोरट्या मार्गाने आणले जाई. गोवामुक्तीनंतर हा मार्ग बंद झाला, परंतु आखाती बंदरांतून गलबतांनी कोकण किनाऱ्यावर माल उतरवण्याचा व्यवसाय पुढे वाढत गेला. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ ने सोने व घड्याळे यांसारख्या वस्तू तस्करीच्या नाहीत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात त्या सापडतील त्याच्यावर टाकली. १९६९ च्या दुरुस्तीने अधिसूचित वस्तूंची नोंद ठेवणे व विक्रीची पावती देणे विक्रेत्यांना बंधनकारक केले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आणि १९७४ चा परकीय चलन संवर्धन व तस्करी प्रतिबंधक कायदा हे याच धोरणाचे पुढील टप्पे होत.

येथे एक सूक्ष्म बदल लक्षात येतो. घड्याळ तेच, त्याचा कारखानाही तोच. पण पावती असल्यास ते वैध आणि नसल्यास ते संशयास्पद. वस्तूचा दर्जा तिच्या गुणवत्तेऐवजी तिच्यासोबतच्या कागदावर अवलंबून राहू लागला. आखातात नोकरीस गेलेले कामगार परत येताना सामानातून टेपरेकॉर्डर वा व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आणत. शुल्क भरून आणलेली अशी वस्तू पुढे दुकानात विकली गेली की, ती पूर्णपणे वैधही नसे आणि पूर्णपणे तस्करीचीही नसे. काळा आणि पांढरा यांच्यामधील ‘ग्रे’ क्षेत्राचा उगम अशा व्यवहारांत शोधता येतो. विदेशी मालाच्या या आकर्षणाचा लाभ देशी उत्पादकांनीही घेतला. उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा महाराष्ट्रात सर्वतोमुखी असलेला विनोद त्याचाच द्योतक होय.

वेष्टनावरील किंमत : १९७२ ते १९९०

१९७२ च्या दुष्काळानंतर महागाईचा प्रश्न तीव्र झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने काढलेले लाटणे मोर्चे हा या काळातील लक्षणीय लढा होता. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत अस्तित्वात आली. सभासदांचे गट करून एकत्रित खरेदी व वितरण करण्याची तिची पद्धत म्हणजे दुकानदाराच्या किमतीला दिलेला रचनात्मक पर्याय होता.

याच सुमारास बंद पाकिटातील मालाचा प्रसार वाढत होता. सुटा माल ग्राहक पाहून, हाताळून व तोलून घेऊ शकतो. बंद पाकिटाच्या बाबतीत त्याला छापील मजकुरावर विसंबावे लागते. १९७६ च्या वजने व मापे मानके कायद्याखाली करण्यात आलेल्या १९७७ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन वा माप, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि विक्री किंमत यांची घोषणा बंधनकारक केली. मात्र ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापण्याची मुभा असल्याने दुकानदार कराच्या नावाखाली किती रक्कम घेतो, हे ग्राहकाला समजत नसे. १९९० च्या दुरुस्तीने ही पळवाट बंद केली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे अनिवार्य झाले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वेष्टनावरील किमतीपेक्षा अधिक रक्कम घेणे हा तक्रारीचा विषय म्हणून अंतर्भूत होताच. त्यामुळे छापील आकड्याला कायदेशीर बळ प्राप्त झाले.

तथापि, १९४३ चा कापडावरील छाप आणि १९९० नंतरची कमाल किरकोळ किंमत यांत मूलभूत फरक आहे. पहिला आकडा शासनाने ठरवलेला होता. दुसरा आकडा विक्रेत्याच्या बाजूने घोषित केलेला आहे. आकड्याचे स्वरूप बदलले, परंतु त्याविषयीचा ग्राहकाचा विश्वास मात्र जुन्या नियंत्रणकाळातलाच राहिला. सर्वसामान्य ग्राहकाची गफलत होते ती नेमकी येथे.

आयातखुली आणि आयातदाराची चिठ्ठी

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९१ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणण्यात आली आणि पुढील वर्षांत ती टप्प्याटप्प्याने खाली आली. १९९२ पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची परवानगी मिळाली. किमतींतील तफावत जसजशी घटली, तसतसा तस्करीतील नफाही आटला. तस्करीला आळा घालण्यात दंडात्मक कायद्यांपेक्षा या बदलाचा वाटा मोठा होता, असे म्हणता येते.

उपभोग्य वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध मात्र टिकून होते. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे केलेल्या तक्रारीचा निकाल १९९९ मध्ये भारताच्या विरोधात गेला. त्यानंतर १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी उर्वरित ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठवण्यात आले. या दोन तारखांच्या दरम्यान, २४ नोव्हेंबर २००० रोजी, विदेश व्यापार महासंचालनालयाने काढलेली अधिसूचना या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. किरकोळ विक्रीसाठी आयात होणाऱ्या आवेष्टित वस्तूंना देशी वस्तूंप्रमाणेच वेष्टनाचे नियम तिने लागू केले. आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत यांची चिठ्ठी विदेशी मालावर दिसू लागली ती यामुळे.

या चिठ्ठीचे महसुली महत्त्वही होते. १९९७ पासून उत्पादन शुल्काची आकारणी अधिसूचित वस्तूंच्या बाबतीत छापील किंमतीच्या आधारे होऊ लागली होती. अशा वस्तूंच्या आयातीवरील समतोल शुल्कासाठीही हाच आधार घेतला जाई. म्हणजेच छापील किंमत ही एकाच वेळी ग्राहकाचे संरक्षण आणि कराचा पाया अशा दोन्ही भूमिका बजावत होती. चिठ्ठी नसलेला माल ग्राहक-कायद्याच्या कक्षेबाहेर राही, त्याचप्रमाणे करदात्यांच्या हिशेबाबाहेरही जाई. आयातबंदी संपल्यानंतर वैध व ग्रे माल यांतील सीमारेषा या चिठ्ठीवर येऊन ठेपली.

मोबाइल संचांच्या बाबतीत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या संचांत अस्सल परदेशी संच आणि ओळख क्रमांक नसलेले हलके संच यांची सरमिसळ झालेली होती. १ डिसेंबर २००९ पासून वैध ओळख क्रमांक नसलेल्या संचांची सेवा बंद करण्याचा निर्णय सुरक्षेच्या कारणास्तव अमलात आला. त्यातून हलका माल वेगळा काढला गेला. परंतु वैध क्रमांकाचा, अधिकृत वितरकाला वगळून आलेला अस्सल संच त्या निर्णयाच्या कक्षेत येत नव्हता.

न्यायालयासमोर ग्रे मार्केट

अस्सल माल परदेशात विकत घेऊन भारतात विकणे हा बोधचिन्ह-हक्काचा भंग आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे येणे अपरिहार्य होते. पुस्तकांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पेंग्विन बुक्सच्या खटल्यात, भारतातील हक्क स्वतंत्रपणे दिलेले असताना अमेरिकी आवृत्त्या आणून विकणे हा हक्कभंग होय, असा निर्णय दिला होता. २०१० च्या कॉपीराइट दुरुस्ती विधेयकात समांतर आयातीस मुभा देणारी तरतूद सुचवली गेली, पण २०१२ च्या दुरुस्ती कायद्यातून ती वगळण्यात आली.

बोधचिन्हांच्या बाबतीत मात्र वेगळी दिशा घेतली गेली. सॅमसंग कंपनीचे प्रिंटर परदेशातून आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध कंपनीने दावा दाखल केला. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने १९९९ च्या बोधचिन्ह कायद्यातील ‘बाजार’ म्हणजे देशांतर्गत बाजार, असा अर्थ लावून आयातीस मनाई केली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी खंडपीठाने हा अर्थ बदलला. जगात कोठेही वस्तू एकदा कायदेशीररीत्या विकली गेली की, तिच्या पुढील विक्रीवरील बोधचिन्ह-मालकाचा हक्क संपतो, असे खंडपीठाने मानले. त्याचबरोबर, हा माल आयात केलेला आहे, त्यावर कंपनीची हमी नाही आणि विक्रीपश्चात सेवा विक्रेता स्वतः देईल, असे फलक दुकानात ठळकपणे लावण्याची अट घातली. मधल्या काळात, मे २०१२ मध्ये, केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क मंडळानेही अस्सल मालाच्या समांतर आयातीस कायद्याची आडकाठी नसल्याचे स्पष्टीकरण आपल्या अधिकाऱ्यांना कळवले होते.

या निर्णयाचा आशय असा की, ग्रे मालाचा दोष त्याच्या स्वस्तपणात नसून त्याविषयीच्या मौनात आहे. शुल्क भरले, चिठ्ठी लावली आणि हमीबाबत ग्राहकाला सत्य सांगितले, तर तो माल ग्रे राहत नाही. तो केवळ स्पर्धक विक्रेत्याचा माल ठरतो.

कमाल की किमान?

छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी व्यवहार कायद्याने याची दखल घेतली होती. पुनर्विक्रीची किमान किंमत विक्रेत्यावर लादणारी अट त्या कायद्याने रद्दबातल ठरवली होती, आणि पुनर्विक्रीची किंमत सुचवताना त्यापेक्षा कमी दराने विकता येईल, हे स्पष्ट करणे अपेक्षित होते. २००२ च्या स्पर्धा कायद्यातील कलम ३(४) ने पुनर्विक्री किंमत राखण्याच्या करारांना स्पर्धेवरील परिणामाच्या कसोटीवर आणले. सवलतींवर बंधने घातल्याच्या कारणावरून स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये ह्युंदाई कंपनीस ८७ कोटी रुपयांचा दंड केला होता; अपिलात २०१८ मध्ये तो आदेश रद्द झाला. त्यावरून किंमत लादली गेल्याचे सिद्ध करणे किती अवघड आहे, हे दिसते.

व्यवहारात मात्र किराणा दुकानात कमाल किंमत हीच विक्रीची ठरलेली किंमत बनली. सुट्या मालाच्या बाबतीत घासाघीस करणारी गृहिणी छापील आकड्यापुढे थांबते. छापील किंमत मुद्दाम वाढवून ठेवून तिच्यावर भरघोस सूट दाखवणे, हाही याच समजुतीचा उपयोग होय. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल व उपाहारगृहांना बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीहून अधिक रक्कम आकारण्यास मोकळीक दिली, कारण तेथील व्यवहार केवळ वस्तूच्या विक्रीचा नसून सेवेचाही असतो. दुसरीकडे, २०१७ च्या नियमदुरुस्तीने एकाच वस्तूवर ठिकाणानुसार दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्यास १ जानेवारी २०१८ पासून प्रतिबंध केला. २००९ च्या वैधमापन शास्त्र कायद्याखालील ही दुरुस्ती, वस्तूची किंमत स्थळानुसार बदलण्याच्या उत्पादकांच्या प्रथेला दिलेले उत्तर होते. परंतु त्यातूनही मूळ आकडा किती असावा, हा निर्णय उत्पादकाकडेच राहिला.

विवेचन

वरील आढाव्यातून दोन बाजारांची उलटी दिशा स्पष्ट होते. १९४३ च्या काळा बाजारात माल छापील किमतीपेक्षा महाग मिळत होता. २००१ नंतरच्या ग्रे मार्केटमध्ये तो छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळू लागला. काळा बाजार असे दर्शवत होता की, शासनाने ठरवलेली किंमत टंचाईच्या मानाने कमी आहे. ग्रे मार्केट असे दर्शवते की, त्या देशासाठी घोषित केलेली किंमत कर, वितरकाचा नफा किंवा कंपनीचे धोरण यांमुळे अन्यत्र मिळणाऱ्या किमतीपेक्षा जास्त आहे. दोन्ही प्रसंगी नियमाबाहेरील बाजार हा छापील आकड्यावरील एक प्रकारचा अभिप्राय ठरतो.

ग्रे मार्केटचे समर्थन करण्याचा यात हेतू नाही. चिठ्ठी नसलेल्या मालाचा ग्राहक दोन पैसे वाचवतो, परंतु वस्तू बिघडल्यास त्याच्या हाती ना बिल असते, ना हमीपत्र, ना ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी त्याचा पत्ता. वेष्टनावरील घोषणांपैकी नाव व पत्ता ही घोषणा किमतीइतकीच मोलाची आहे, हे अशा वेळी लक्षात येते. उलटपक्षी, चिठ्ठी असलेल्या मालाचा ग्राहक संरक्षण विकत घेतो. मात्र त्या संरक्षणाची किंमत वाजवी आहे की नाही, हे चिठ्ठी सांगत नाही. एका बाजूस किंमत कमी पण उत्तरदायित्व नाही, दुसऱ्या बाजूस उत्तरदायित्व आहे पण किमतीची शहानिशा नाही, अशा कोंडीत तो सापडतो.

निष्कर्ष

१) भारतातील छापील किमतीचे मूळ युद्धकालीन नियंत्रणात आहे; मात्र १९७७ व १९९० च्या नियमांनी तिचे रूपांतर शासननिश्चित किमतीतून विक्रेत्याच्या घोषणेत झाले.
२) नियमाबाहेरील बाजाराचे स्वरूप नियमनानुसार बदलत गेले. किंमत-नियंत्रणातून काळा बाजार, आयातबंदीतून तस्करी आणि वेष्टन-नियम व अधिकृत वितरण यांतून ग्रे मार्केट निर्माण झाले.
३) तस्करी घटण्यास आयात निर्बंध व शुल्क यांतील कपात मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली.
४) २०१२ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने समांतर आयातीपेक्षा माहिती दडवणे हा खरा दोष असल्याचे अधोरेखित केले.
५) कमाल किरकोळ किंमत जादा आकारणीपासून संरक्षण देते; अवाजवी किमतीपासून देत नाही. ग्राहक शिक्षणात हा भेद स्पष्टपणे सांगितला जाणे आवश्यक आहे.

ग्राहक चळवळीने १९७० च्या दशकात दुकानदाराला किंमत विचारण्याचे धैर्य सामान्य गृहिणीला दिले. छापील आकड्याने तो प्रश्न सोपा केला, पण काही अंशी थांबवलाही. आकडा छापणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारला जाणे, ही या चळवळीची पुढील स्वाभाविक पायरी ठरते.